सुरतच्या काकू

माझ्या फजितीचे किस्से मी स्वतःच सांगत फिरतो, हे मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. घागऱ्याचा किस्सा तर तुमच्यापर्यंत आलाच असेल. नसेल तर थांबा, आधी तो सांगतो. कदाचित तो सांगता सांगता मला दुसरा सांगायला धीर येईल. दुसरा मी कुठेच सांगितलेला नाही. टपरीवर नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, बायकोजवळही नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे एक कारण. आणि त्यात मी जसा दिसतो तसा दिसायची माझी तयारी नव्हती — हे दुसरं, खरं.

तर घागरा. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि अक्कलकुव्यात एका संस्थेचं दुकान सांभाळायला लागलो. बाजाराच्या रस्त्यावरचा एक गाळा. आत नुसती लग्नं टांगलेली — शालू, घागरे, शेरवान्या, तयार फेटे. आमच्याकडे तापीकाठच्या गावांत लग्नाचा बस्ता बांधायला लोक सुरतेला जातात, अख्खी जीप भरून कपडे आणतात, आणि त्यातला सगळ्यात भारी कपडा एक दिवस अंगावर चढून जन्मभर कपाटात जातो. असे कपडे आमच्याकडे दान येतात. आम्ही ते धुऊन, टाके घालून, इस्त्री करून थोडक्या पैशांत विकतो. ज्यांना बस्ता झेपत नाही ते नेतात, आणि आलेले पैसे मुलींच्या वसतिगृहाला जातात. पुण्याचं काम. निदान मी सगळ्यांना तसं सांगतो.

एक बाई म्हणत होत्या, घागरा फार जड, आमची पोरगी बारीक, तिला पेलायचा नाही. मी म्हटलं, जड कसला, हवा आहे हवा! आणि पॅन्टवरूनच तो चढवून एक गिरकी घेतली. चेन अडकली. ती वर जाईना, खाली येईना. नेमके तेव्हाच संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन दुकान दाखवायला आले. मी घागऱ्यातच नमस्कार केला. पाहुण्यांनी बरीच देणगी दिली — मला वाटतं, लवकर बाहेर पडता यावं म्हणून.

हसलात ना? मी हेच करतो. लोकांना हसवतो आणि मधल्या मधे काहीतरी खपवून टाकतो.

आता मुद्द्याकडे यायला हवं. पण त्याआधी दुकानातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. खालच्या, सपाटीवरच्या गावांतली कुठलीही आई आमच्याकडे आली की साडी आधी उलटी करून बघते. फॉल बघते, जर बघते, कुठे डाग आहे का बघते. मग आवाज खाली आणते आणि विचारते — देणारी सुखी शे ना? म्हणजे तिचा नवरा आहे ना? पोरंबाळं आहेत ना? सासरी नांदते ना? दुसरीच्या अंगावरचा शालू आपल्या लेकीच्या अंगावर चढायचा, तर तिच्या नशिबातलं काही सोबत यायला नको, ही भीती. मी त्या बायांना नावं ठेवत नाही. ठेवणार कुठल्या तोंडाने?

सुरुवातीला मी खरं सांगायचो. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचो. पण ‘ठाऊक नाही’ म्हटलं की साडी परत खुंटीवर. मग एकदा सहज म्हणून गेलो — या डॉक्टरीणबाईंचा, नवापूरला मोठा बंगला, दोन मुलगे, नवरा शब्द खाली पडू देत नाही. साडी गेली. मला चटक लागली. पुढे मी प्रत्येक कपड्याला एक संसार जोडून द्यायला लागलो. कुणाला वकील नवरा दिला, कुणाला जुळी पोरं. एक शेरवानी मी नाशिकच्या वकिलाची म्हणून दिली. ती होती नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्याच्या मुलाची, आणि तो मुलगा पाहुणा म्हणून त्याच लग्नात हजर! बाहीवरचं फटाक्याचं जळकं भोक त्याने ओळखलं आणि माइकवरून नवरदेवाला शुभेच्छा देताना भोकासकट सगळं सांगितलं. हेही मी हसत हसत सांगतो. खोटं बोललो, पकडला गेलो, लोक हसले, फिटलं.

पण सगळीच खोटी अशी फिटत नाहीत.

माझी वहिनी माझ्याबरोबर दुकानात येते. मोठ्या भावाची बायको. भाऊ गेला त्याला खूप वर्षं झाली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कावीळ झाली आणि गेला, मूल नव्हतं. वहिनी आमच्यातच राहिली. मी शाळेत होतो तेव्हापासून माझा डबा तिने केला, पुढे माझी पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. मी नोकरीनिमित्त म्हसावद सोडून इकडे आलो तेव्हा तीही आली. दुकानात ती कोपऱ्यात बसते, सुटलेली जर टाके घालून बसवते. बोलते थोडं. दोघांच्या वाटणीचं मी बोलतो.

एके दिवशी तिने पिशवीतून स्वतःचा शालू काढला आणि टेबलावर ठेवला. डाळिंबी. तो शालू आमच्या घरात प्रसिद्ध होता. बस्त्याला सगळ्यांनी हिरवा ठरवला होता. भावाने, नवरदेवाने, सगळ्या बायामाणसांसमोर बोट करून डाळिंबी मागितला. त्या काळात नवरदेवाने असं काही बोलायचं नसे. दुकानातच त्याची टर उडवली गेली — हा लग्नाआधीच बायकोचा झाला. पण शालू डाळिंबीच आला. वहिनीने तो लग्नात नेसला, आणि नंतर दोन-चार सणांना. मग तो पेटीत गेला.

मी म्हटलं, वहिनी, हा कशाला? ती म्हणाली, पेटीत राहून काय करणार, कुणी तरी नेसो. मग म्हणाली — हे शब्द मला तसेच आठवतात, म्हणून तसेच लिहितो —

“जी पोर लई जाई, तिले सांगजो हाई कोनी शे. काई दपाडू नको. तुन्हा भाऊनं नाव तेवढं तिना कानवर घाल. तिले नको व्हई, ते ठेई दी.”

एवढंच मागणं. शालू कुणाचा ते लपवू नकोस. नाव सांग. नको असेल तर ती ठेवून देईल. मी म्हटलं, हां वहिनी.

शालू बरेच दिवस टांगलेला राहिला. दोन-तीन जणींनी हात लावून बघितला, पण त्यांनी पुढे विचारायच्या आत मीच दुसरीकडे वळवलं — ‘हा घागरा बघा.’ का वळवलं? सांगायला नको म्हणून. मग वहिनी मिरच्या निवडायला म्हसावदला भावकीत गेली, आणि त्याच दिवसांत रविता आली.

रविता डोंगरातली, मोलगीच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली, पुढे नर्सचा कोर्स केला, आता उपकेंद्रात कामाला. सोबत तिची आई. रविता शाळेतलं स्वच्छ मराठी बोलत होती. आई तिच्याशी त्यांच्या बोलीत. रविताने सगळे शालू ओलांडून डाळिंबीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. आईने पदर उलगडला, वजन तळहातावर तोलून बघितलं, आणि माझ्याकडे बघत लेकीला काहीतरी विचारलं. मला त्यांची बोली येत नाही. पण आई, शालू, आणि प्रश्न — याचा अर्थ मला पाठ होता. आला, म्हटलं, आला तोच प्रश्न.

रविताने तोंड उघडायच्या आधी मी सुरू झालो. हा शालू सुरतच्या काकूंचा. काकांचा हिऱ्यांचा कारखाना. काका अजून त्यांना हाताला धरून गाडीत बसवतात. दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडं, भरलेलं घर. काकू म्हणाल्या, माझं सगळं छान झालं, आता हा कुणा गुणी मुलीला द्या...

काय सुंदर बोललो मी त्या दिवशी! रविताचे डोळे भरून आले. आई गप्प झाली. शालू गेला.

माझ्या लक्षात आलं का, मी काय केलं ते? आलं. लगेच आलं. ज्या माणसाने तो रंग निवडला त्याच्या जागी मी एक हिरेवाला बसवला होता. माझा सख्खा भाऊ. आणि ज्या बाईने मला जेवू घातलं तिच्या जागी गाडीत बसणारी एक काकू. पण मी स्वतःला म्हटलं, शालू पडून राहण्यापेक्षा नेसला गेला, वहिनीची इच्छा तीच होती ना? अर्धी होती. मी सोपी अर्धी पुरी केली.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ — नाही, ‘एक वेळ’ काही नाही. पण मी थांबलोही नाही. वहिनी म्हसावदहून आली, रिकामी खुंटी बघितली आणि विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, सांगितलं ना. मग काय म्हणाली पोरगी? आता इथे नुसतं ‘बरं म्हणाली’ म्हणता आलं असतं. पण मी मी आहे. मी म्हटलं, तिने शालू कपाळाला लावला. म्हणाली, अशा हौशी माणसाने घेतलेला शालू मला मिळाला, माझं भाग्य. आणि भाऊचं नाव दोनदा विचारलं, नीट लक्षात राहावं म्हणून.

त्या दिवशी वहिनीने गोड शिरा केला.

पुढचे काही महिने ती अधूनमधून म्हणायची, त्या पोरीने दोनदा नाव विचारलं. कधी माझ्या बायकोला सांगायची, कधी शेजारणीला. एकदा दुसऱ्याच एका शालूला टाके घालता घालता स्वतःशीच म्हणाली. मी ऐकायचो आणि काहीतरी कामाला लागायचो. खोटं बोलून माणसाला इतकं सुखी करता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ते सुख आपल्याच घरात, आपल्यासमोर वावरत असलं की जेवण उतरत नाही, हेही नव्हतं.

सरत्या उन्हाळ्यात रविता परत आली. लग्न झालं होतं. सोबत आई, आणि आईच्या हातात आमचुराची पिशवी — घरच्या कैऱ्यांचा, घरी वाळवलेला. वहिनी कोपऱ्यात सुई घेऊन बसलेली. रविता आली ती थेट माझ्याकडे.

“काका, सुरतच्या काकू इकडे कधी येतात? त्यांना द्यायचं होतं हे.”

कोपऱ्यातली सुई थांबली. मी तिकडे बघितलं नाही. तरी मला कळलं.

आता बघा. समोर ती मुलगी होती जिला खरं सांगायचं होतं. कोपऱ्यात ती बाई होती जिच्याशी खोटं बोललो होतो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं — ‘अगं, सुरतच्या काकू कुणी नाहीत, ही बघ, हिचा तो शालू.’ आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवलेल्या माणसाला एक वाक्य. मी म्हटलं, काकू सध्या परदेशी गेल्यात मुलाकडे. ठेवून जा, मी पोचवतो.

रविताने मोबाइल काढला. लग्नाचे फोटो. मला दाखवले, मग वहिनीजवळ जाऊन बसली आणि तिलाही दाखवायला लागली — ही आज्जी इथे बसलीय, तिलाही बघू दे, अशा साध्या मायेने. फोटोत ती डाळिंबी शालूत नाचत होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही बाजूंना बायांच्या खांद्यांवर हात. गळ्यात जड चांदी. रविता हसत म्हणाली, “आई तेव्हा हेच विचारत होती, की हे नेसून नाचता येईल का. तुम्ही काकूंचं सांगायला लागलात, मग ती गप्प बसली.”

म्हणजे तो प्रश्न हा होता. नाचता येईल का.

गळ्यातल्या चांदीवर बोट ठेवून आई काहीतरी बोलली, आणि रविताने ते मराठीत सांगितलं: ही आईच्या लग्नातली, तिच्या पहिल्या नवऱ्याने घातलेली. तो वारला, मग आईने दुसरं घर केलं, माझे बाबा. चांदी चांगली आहे, म्हणून मला घातली. आईने मान हलवली आणि पुढच्या फोटोकडे वळली. त्यांच्यात या गोष्टीला आवाज खाली आणावा लागत नाही. घाबरलेलं त्या दुकानात कुणी नव्हतं. मी सोडून.

कारण खरं सांगायचं तर त्या आयांची भीती मी नुसती ओळखत नव्हतो, ती माझीच होती. माझ्या लेकीच्या हळदीला वहिनी दिवसभर चुलीपाशी पुऱ्या तळत बसली होती. पोरीला तिने वाढवलेलं. कुणी तिला ‘तू इकडे येऊ नकोस’ म्हटलं नाही. ‘ये’ असंही कुणी म्हटलं नाही. म्हणायचं काम माझं होतं.

वहिनीने मोबाइल हातात घेतला. तिला फोटो मोठा करता येत नाही; रविताने करून दिला. ती बराच वेळ पदराची जर बघत होती. मग रविताने विचारलं, तुम्ही ओळखता का हो त्या काकूंना?

वहिनीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हरवलेली वस्तू आपणच कुठेतरी ठेवून विसरलो होतो, हे आठवल्यावर माणूस बघतं, तसं.

“वळखस ना,” ती म्हणाली.

“कशा आहेत त्या?”

“बऱ्या शेतस.” आणि आमचुराची पिशवी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली. “हाई मी पोचाडी देसू.”

रविता तिच्या पाया पडली — म्हातारं माणूस म्हणून. काकू म्हणून नाही.

संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही चालत घरी निघालो. पिशवी मी मागितली, तिने दिली नाही. हायवेला गुजरातकडचे ट्रक चालले होते, ते जाईपर्यंत आम्ही कडेला थांबलो. तेव्हा तिने माझ्याकडे न बघता विचारलं,

“नाना, तिनी दोनदा नाव इचारं व्हतं ना?”

तिला सगळं कळलेलं होतं. मलाही कळलेलं होतं की तिला कळलेलं आहे. मग तिने का विचारलं? मला एक संधी द्यायला? की ते खोटं तिला तिच्यापाशी राहू द्यायचं होतं? मी अजून ठरवू शकलो नाही. आणि ज्या अर्थी ठरवू शकलो नाही, त्या अर्थी मी तिला या इतक्या वर्षांत पुरेसं ओळखलेलं नाही.

मी म्हटलं, “हां वहिनी.”

ट्रक गेले, आम्ही रस्ता ओलांडला.

त्यानंतर तिने ती गोष्ट कुणालाही सांगितलेली नाही. शेजारणीला नाही, माझ्या बायकोला नाही. दुकानात येते, टाके घालते. मी कपड्यांना संसार जोडणं बंद केलं, पण त्याचं श्रेय घेण्यासारखं काही नाही. तोंड उघडलं की सुई थांबल्याचं ऐकू येतं, म्हणून बंद झालं. मोलगीला जिपा रोज जातात. आमच्या दुकानासमोरूनच सुटतात. मी बसलेलो नाही.

आमचूर वहिनीने बरणीत भरला. रोजच्या वरणात चिमूटभर टाकते. ज्या बाईसाठी तो आणला होता तिच्यापर्यंत तो पोचला, असं म्हणता येईल. माझ्याही ताटात येतो. मी खातो.

हे छापून आलं तर वहिनी वाचेल. तिला यात नवीन काही नाही. एकच गोष्ट मी अजून लिहिलेली नाही, आणि तीच तर सांगायची राहिली होती. माझ्या भावाचं नाव भास्कर. सगळे हिरवा म्हणत असताना डाळिंबी त्याने मागितला. एवढंच सांगायचं होतं — तुम्हाला नव्हे. त्या पोरीला, त्या दिवशी, तिचा हात शालूवर असताना.